मारिया कॉटेज आदर्श कशी ठरली

आमच्या गच्चीचं तापमान दुपारी दोन वाजता त्रेसष्ट पूर्णांक चार अंश सेल्सियस होतं. हे वाक्य मी यंदाच्या मार्च-एप्रिलमध्ये इतक्या लोकांना ऐकवलं, की शेवटी शेवटी जिन्यात मी दिसले की शेजारचा राजेश आपणहूनच म्हणायचा, "त्रेसष्ट पॉइंट चार ना मॅडम? माहितीये." पॉइंट चार मी कधी गाळला नाही. बावीस वर्षं अकरावी-बारावीची भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतल्यावर माणसाला बरंच काही सोडता येतं, दशांशचिन्ह सोडता येत नाही.

मारिया कॉटेज हे नाव ऐकून बाग वगैरे डोळ्यांसमोर आणू नये. अंधेरीच्या गावठाणातली ही तळमजला अधिक दोन मजल्यांची भाड्याची इमारत. मालकीण डोरोथी आंटी तळमजल्यावर राहतात आणि बाकी आम्ही अकरा बिऱ्हाडं पिढीजात भाडेकरू. आमची खोली सगळ्यात वर. डोक्यावर थेट गच्ची, आणि गळती थांबावी म्हणून त्या गच्चीवर दर दोन वर्षांनी ओतलेलं काळंकुट्ट डांबर. गळती थांबली नाही. ऊन मात्र डांबराने इमानेइतबारे दिवसभर पिऊन रात्रभर आमच्या खोलीत सोडलं.

खोलीत मी आणि माझे वडील. बाबांचं नाव सहदेव, वय अठ्ठ्याहत्तर, मूळ गाव मालवणजवळ. सगळी नोकरी गिरणीच्या साळखात्यात झाली, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे. गेल्या मे महिन्यात एका दुपारी ते बसल्या जागी कलंडले. माझ्या धाकट्या भावाने, सुबोधने, त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोन जिने खाली उतरवलं. इस्पितळात तीन दिवस काढल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, फार उकडत होतं का घरात?" बाबा म्हणाले, "नाय. वायच डोळो लागलो."

पुढचं सगळं या एका उत्तरामुळे झालं.

सुबोध कांदिवलीला चौदाव्या मजल्यावर राहतो. त्याने मला सरळ सांगितलं, "ताई, पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांना त्या भट्टीत राहू देणार नाही. एक मेपर्यंत छताचं काहीतरी कर. नाहीतर मी येऊन घेऊन जाणार, कायमचं." त्याचं चुकत नव्हतं. ती खुर्ची त्याने उचलली होती. पण इस्पितळानंतर बाबा त्याच्याकडे नऊ दिवस राहिले होते, आणि नवव्या दिवशी दूध आणतो सांगून निघाले ते थेट अंधेरीला आले. दुधाची पिशवी हातात होती. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "थय सगळे आपापल्या खोलीत दार लावन बसतत. गाऱ्याण घालूक पण माणूस गावना नाय." एवढंच. पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत, पण पुढे आठवडाभर सुबोधचा फोन वाजला की ते बाथरूममध्ये जाऊन बसत.

स्वतः काही उपाय केला नाही असं नाही. शेवंतीमावशींच्या सल्ल्यावरून गच्चीला चुना मारून पाहिला. शेवंतीमावशी पहिल्या मजल्यावर राहतात. आमच्याकडे सोसायटी नाही, शेवंतीमावशी आहेत. चुन्यामुळे तापमान नऊ अंशांनी उतरलं. चार दिवसांनी वारा सुटला आणि चुना गच्चीवर वाळत घातलेल्या अकरा बिऱ्हाडांच्या कपड्यांवर बसला. मला दोन आठवडे जिन्यात कोणी ओळख दाखवली नाही.

अशा परिस्थितीत फेब्रुवारीत वॉर्ड ऑफिसच्या फलकावर मला योजना दिसली. अल्प भाड्याच्या जुन्या इमारतींना ऊर्जाबचतीसाठी पालिकेचं अनुदान: गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा लेप, वरच्या खोल्यांना छताखाली अस्तर, प्रत्येक घराला कमी विजेचे पंखे, जिन्यात नवे दिवे. अट एकच, मालकाने पाच वर्षं भाडं वाढवायचं नाही. नियमावली शेहेचाळीस पानांची होती. मी ती दोनदा वाचली. परिशिष्ट दोनही वाचलं, त्यात लिहिलं होतं की खोलीतलं साधं तापमान मर्यादेत असलं, तरी 'ओल्या फुग्याचं तापमान' एकोणतीस अंशांच्या वर असेल तर इमारत पात्र धरावी. ओला फुगा म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक. हवेत दमटपणा जास्त असला की घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही, ते या आकड्यावरून कळतं. मी चार नंबरच्या खिडकीवरच्या बाईंना विचारलं, हे तुम्ही मोजता का? त्या म्हणाल्या, "ते छापायचं म्हणून छापलंय, मॅडम. आमच्याकडे तसलं मशीन नाही. आजवर कोणी विचारलं पण नाही." शेवटचं वाक्य त्यांनी ज्या सुरात म्हटलं, तो सूर मला स्टाफरूममधून परिचयाचा आहे.

अर्जाला कागद लागले एकोणीस. अठरा मिळाले. एकोणिसावा होता गच्ची अस्तित्वात असल्याचा दाखला. एकोणीसशे एकसष्टच्या नकाशात आमच्या गच्चीच्या जागी नुसतं 'आकाश' असं लिहिलं होतं, त्यामुळे पालिकेच्या दृष्टीने लेप आकाशाला लावावा लागणार होता. हा दाखला कोण देतं हे चार नंबरच्या खिडकीला माहीत नव्हतं, सात नंबरला माहीत होतं पण ते रजेवर होते. शेवटी गच्चीवर आम्ही सगळे भाडेकरू उभे आहोत असा फोटो काढून, त्यावर डोरोथी आंटींची सही घेऊन जोडला. डोरोथी आंटी फोटोत मध्ये बसल्या आणि सही करताना म्हणाल्या, "काय गो अनुपमा, ते माझ्या नवऱ्याच्या फ्युनरलला पण एवढी लोकं नव्हती."

आठ एप्रिलला दुपारी बारा वाजता पाहणी ठरली. आदल्या रात्री पहिल्या मजल्याच्या गॅलरीत सभा झाली. मी तापमानाचा तक्ता दाखवून सांगितलं, "फक्त एक लक्षात ठेवा. त्यांना आहे तसं दाखवायचं. काहीही करायचं नाही."

"म्हणजे कचरापण तसाच ठेवू?" शेवंतीमावशी म्हणाल्या.

"कचरा काढा. पण बाकी..."

"बाकी माझ्यावर सोड गं. पालिकेचा साहेब यायचाय. मला काय कळत नाही का?"

राजेशचा तळमजल्यावर मोबाईल दुरुस्तीचा गाळा आहे आणि सरकारी कामांबद्दल त्याची मतं ठाम आहेत. तो म्हणाला, "मॅडम, टेन्शन नको घेऊ. लिफ्टपण मागून टाक. मागायला काय जातंय?"

मी सभेतून निघाले तेव्हा मला वाटलं होतं की माझं म्हणणं सगळ्यांना पोचलं. वर्गात इतकी वर्षं शिकवूनही माझा हा भ्रम टिकून आहे.

आठ तारखेला माझ्या कॉलेजात तोंडी परीक्षा होती. बाहेरच्या परीक्षकांनी एका मुलाला लंबकावर अर्धा तास अडवून ठेवलं. मी घरी पोचले बारा चाळीसला. फाटकाशीच मी थबकले. जिन्याच्या तोंडाशी रांगोळी होती. पायऱ्या धुतलेल्या होत्या. दर मजल्यावर खिडक्यांना ओल्या चादरी बांधलेल्या. जिन्यातले दिवे बंद, कारण भरदिवसा दिवे लावणं शोभत नाही. वरून पाणी ठिबकत होतं. मी वर पळाले. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पळावं लागू नये अशी माझी समजूत होती.

शेवंतीमावशींनी साडेअकराला माणसांची साखळी लावून गच्ची धुऊन काढली होती. साठ बादल्या. इतकं स्वच्छ डांबर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मध्यभागी ज्युनियर इंजिनियर सुशांत नावाचा एक तिशीचा तरुण हातातला तापमापक डांबरावर रोखून उभा होता. आकडा होता अडतीस.

"त्रेसष्ट पूर्णांक चार!" मी म्हणाले. धाप लागली होती, म्हणून ते ओरडल्यासारखं निघालं असावं.

"अडतीस आहे, मॅडम," तो शांतपणे म्हणाला आणि लिहिलं.

राजेशच्या खोलीत त्याचा खडखडणारा पंखा उतरवून मेहुण्याकडून आणलेला नवाकोरा कमी विजेचा पंखा लावलेला होता. का, तर "इज्जतीचा सवाल आहे यार." बाकी खोल्यांत पंखे बंद, कारण साहेब समोर असताना वीज उधळणं बरं दिसत नाही. आमच्या खोलीत बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, माठ शेजारी ठेवून बसले होते. सुशांतने विचारलं, "काका, उष्णतेचा त्रास होतो का?" फॉर्मवर तसा रकाना होता.

मी दारात होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"तरास? छे. गारेगार असा," बाबा म्हणाले. "कोकम घेतलास मां तुमी?"

सुशांतने तीन पेले कोकम सरबत घेतलं होतं. एकूण.

बारा दिवसांनी उत्तर आलं. आमची इमारत तपासलेल्या सगळ्या इमारतींत सर्वाधिक ऊर्जाकार्यक्षम असल्याने अनुदानाची आवश्यकता नाही. सोबत गुलाबी किनारीचं प्रमाणपत्र: 'आदर्श इमारत.'

मला वाटलं लोक हादरतील. शेवंतीमावशींनी प्रमाणपत्राला संध्याकाळपर्यंत फ्रेम केली आणि मीटरच्या पेटीवर टांगून हार घातला. राजेशने फाटकावर फ्लेक्स लावला, त्यावर स्वतःचा गॉगलमधला फोटो. डोरोथी आंटी म्हणाल्या, "बघ, पेपरमध्ये पण येईल." मी त्यांना समजावलं की आपण हरलोय. कुणालाच ते पटेना. हरल्यावर हार कोण घालतं?

त्या रात्री सुबोधचा फोन आला. मी त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "एक मे शुक्रवारी आहे. मी गुरुवारीच रजा टाकतो. त्यांच्या औषधांची यादी करून ठेव." बाथरूमचं दार आतून लागल्याचा आवाज मी ऐकला.

दुसऱ्या दिवशी मी फ्रेम उतरवली. शेवंतीमावशी माझ्याशी भांडल्या नाहीत, फक्त हार काढून त्यांनी तो देवाला घातला, ते जास्त लागलं. वॉर्ड ऑफिसात त्याच बाई म्हणाल्या, "परत? मॅडम, बक्षीस परत करायचा फॉर्म नसतो." फेरतपासणीचा होता. त्यात कारणाचा रकाना होता. मी लिहिलं: 'पाहुणचार.'

"हे कारणात बसत नाही. 'तांत्रिक' लिहा."

"पण तांत्रिक नव्हतं. पाहुणचारच होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत जाऊन सुशांतलाच घेऊन आल्या. त्याने रकाना वाचला, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "मला तेव्हाच वाटलं होतं, डांबर ओलं का आहे," तो म्हणाला. "एकदाच फेरतपासणी मिळते, मॅडम. यावेळी मी येऊन मोजणार नाही. वरच्या खोलीत तीन दिवस यंत्र लावतो. ते आपलं आपण नोंद घेतं. तीन दुपारींची सरासरी पस्तिसाच्या वर आली तर पात्र. नाही आली तर फाईल बंद. आणि यंत्राला कोणी हात लावला तरी बंद."

सोमवारी सत्तावीस एप्रिलला सकाळी अकरा वाजता त्याने साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी आमच्या भिंतीवर, पंख्याच्या वाऱ्यात, खुंटीला टांगली. गुरुवारी अकराला काढायची होती. गुरुवारी अकराला सुबोधही येणार होता. बाबांनी डबीकडे बराच वेळ पाहिलं. "ह्यां काय मोजता?" त्यांनी विचारलं. "हवा," सुशांत म्हणाला. बाबांनी मान हलवली.

सोमवारी मी रजा घेऊन डबीसमोर बसून राहिले. हे शब्दशः घ्यावं. मदतीला आलेल्यांना परतवणं हेच मुख्य काम होतं. राजेश दुपारी इस्त्री घेऊन आला. "नुसती बाजूला ठेव गं, पाच मिनटं. पन्नासला नेतो."

"राजेश, ही लबाडी आहे."

"आणि तेव्हा साठ बादल्या ओतल्या ते काय होतं?"

"तो मूर्खपणा होता. नियमावलीत मूर्खपणाला बंदी नाही."

शेवंतीमावशी म्हणाल्या, मी आपली खालच्या खोलीत पुरणाचा घाट घालते, वाफ वर जाईल, त्यात कुणाचं काय? मी त्यांनाही परतवलं. दुपारी तीनला माझ्या स्वतःच्या तापमापकावर एकोणचाळीस पूर्णांक दोन होतं. मला इतका आनंद झाला की मी पंख्याखाली बसून घाम पुसला आणि स्वतःचीच लाज वाटली. समोर बाबा उघड्या अंगाने, डोळे मिटून बसले होते, कपाळाला हात लावून. मी विचारलं, "होतंय का काही?"

"नाय."

मंगळवार, बुधवार मला कॉलेजला जाणं भाग होतं. उत्तरपत्रिका थांबत नाहीत. सकाळी साडेसहाला निघायचे आणि चारला परत. मी बाबांना बजावलं, "डबीला हात लावायचा नाही. राजेशला आत घ्यायचं नाही. मावशींना पण नाही." दोन्ही दिवशी परत आल्यावर डबी जागेवर होती, बाबा जागेवर होते आणि खिडकीतल्या दोरीवर त्यांचा पंचा वाळत होता. सगळं ठीक होतं. मंगळवारी रात्री मला झोप लागली नाही आणि बुधवारी रात्री तर मी झोपायचा प्रयत्नही केला नाही. मी औषधांची यादी केली. मग ती फाडली. मग पुन्हा केली, कारण यादी असणं कोणत्याही परिस्थितीत चांगलं.

गुरुवारीही साडेसहाला निघून मी तपासलेल्या उत्तरपत्रिका कॉलेजात टाकल्या आणि साडेदहाला परतले. अकराला सुशांत लॅपटॉप घेऊन आला. सुबोध त्याआधी पाच मिनिटं आला, हातात रिकामी मोठी बॅग. ती त्याने दाराआड ठेवली, पण तिचा हिरवा पट्टा बाहेर दिसत होता. शेवंतीमावशी, राजेश आणि डोरोथी आंटी चौकशीच्या निमित्ताने आले आणि पलंगावर बसले. बाबा खुर्चीत होते. तीच खुर्ची.

सुशांतने डबी जोडली. पडद्यावर आलेख उमटला.

सोमवारी दुपारी रेघ एकोणचाळीसच्या वर होती. मंगळवारी पहाटे जरा उतरून परत चढू लागली, आणि मग एकदम तीसपर्यंत कोसळली. दिवसभर तीसच्या आसपास राहिली. दुपारी परत वर उसळली. बुधवारीही तसंच. आजही सकाळी तसंच.

"सरासरी तेहतीस," सुशांत म्हणाला. "मॅडम, कोणीतरी हात लावलाय."

"ए, मी नाही हां!" राजेश उठून उभा राहिला. "मी तर गरम करणार होतो!"

"मी तर पुरण पण घातलं नाही," शेवंतीमावशी म्हणाल्या.

"थंड कोण करेल?" सुबोध म्हणाला. "ताई, थंड करून कुणाला काय मिळणार?" आणि त्याने दाराआडच्या बॅगेकडे पाहिलं, आणि मग बाबांकडे. मीही बाबांकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, यांनाच जायचं असेल का? सांगता येत नसेल म्हणून?

सुशांत लॅपटॉप मिटू लागला. मी त्याचा हात धरला. मी कोणाचा हात धरत नाही. "वेळ बघू द्या," मी म्हणाले.

रेघ पडली होती ती बरोबर सात वाजता. मंगळवारी सात. बुधवारी सात. आज सात. आणि दोन्ही दिवस वर उसळली ती दुपारी बरोबर साडेतीनला. चूक करणारा माणूस इतका वक्तशीर नसतो. आणि माझ्या अख्ख्या लहानपणी, आठवड्यातले सहा दिवस, घरात एकच माणूस सात ते साडेतीन या वेळेत कामावर असायचा. पहिली पाळी.

मी दोरीवरच्या पंच्याकडे पाहिलं. त्यातून पाणी ठिबकत होतं.

"बाबा, पंचा डबीवर घातला होतात?"

"मगे?" बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात कसलीही लाज नव्हती, उलट इतका वेळ कोणी न विचारल्याची तक्रार होती. "डबीक हात लावलंय नाय. तू बजावलं व्हतंस. नुसतो पंचो वरसून सोडलंय. सायेब सुकोच काटो लावन गेले. ओलो लावूक इसरले. साळखात्यात भितीर दोन काटे असत, एक सुको, एक ओलो. ओल्याची वात भिजत ठेवची मियाच, सतरा वर्सां. वात सुकली तर काटो खोटा बोलता. म्हणान दर अर्ध्या तासान भिजवलंय."

राजेश परत पलंगावर बसला.

"पण मला का नाही सांगितलंत?" मी म्हणाले.

"तू मास्तरीण. तुका ठाऊक नसात कसां?"

ठाऊक होतं. बावीस वर्षं दर जूनमध्ये मी मुलांना हेच शिकवते, सुका फुगा आणि ओला फुगा. माझ्या नाकासमोर पंचा ठिबकत होता आणि मी उत्तरपत्रिका तपासत होते. या प्रसंगात माझ्या प्रतिष्ठेचं जे काही शिल्लक होतं ते तिथेच संपलं, आणि त्यामुळे मला एकदम मोकळं वाटलं.

"परिशिष्ट दोन," मी सुशांतला म्हणाले.

"काय?"

"पान एक्केचाळीस. ओल्या फुग्याचं तापमान एकोणतीसच्या वर असेल तर इमारत पात्र. हा आलेख तोच आहे. सोमवारचा सुका, मंगळवार-बुधवारचा ओला. दुपारी तीस पूर्णांक एक."

सुशांतने पिशवीतून नियमावली काढली. पानं कोरी करकरीत होती. तो वाचत होता आणि शेवंतीमावशी जपमाळ ओढल्यासारख्या ओठ हलवत होत्या. "बसतंय," तो शेवटी म्हणाला. "पण इथे लिहिलंय, वाचन जाणकार माणसाने घेतलेलं हवं..."

"सतरा वर्षं," राजेश म्हणाला. "अजून किती जाणकार पायजे?"

"...आणि खोलीत राहणाऱ्याने उष्णतेचा त्रास होतो असं स्वतः सांगायला हवं. गेल्या वेळी काकांनी 'नाही' म्हटलंय. ते बदलायला काकाच लागतील." त्याने पेन काढलं. "काका, त्रास होतो का?"

आम्ही सगळे बाबांकडे बघत राहिलो. बाबा भिंतीकडे बघत होते. मला त्यांचं उत्तर माहीत होतं. डॉक्टरांना, पालिकेला, मला, ते इतकी वर्षं एकच उत्तर देत आले होते. सुबोध पुढे होऊन काही बोलणार होता, डोरोथी आंटींनी त्याचा शर्ट मागून ओढला.

"ओलो काटो किती म्हणालंस?" बाबांनी मला विचारलं.

"तीस पूर्णांक एक."

"जुन्या मापान?"

मी मनात गुणाकार करून फॅरेनहाइट काढलं. "शहाऐंशी पूर्णांक दोन."

"पॉइंट दोन," राजेश पुटपुटला.

"आमच्या काट्यार तांबडी रेघ व्हती पंच्याऐंशीर," बाबा म्हणाले. "काटो थयसून वर गेलो काय मी जाऊन खात्याच्या मास्तराक सांगी. मगे सूत तुटू नये म्हणान सोडलेली वाफ बंद करीत. मालकाचां नुकसान झालां तरी." त्यांची नजर दाराआडच्या हिरव्या पट्ट्यावर गेली, आणि तिथेच राहिली. "सायबानू, साळखातां ह्याच्यापेक्षा वायट नव्हतां. पण थय भोंगो व्हतो. साडेतीनाक भोंगो झालो काय भायर." त्यांनी हाताने छत दाखवलं. "हय भोंगो व्हयत नाय."

सुशांतने 'हो' वर खूण केली नाही. त्याने शेजारच्या मोकळ्या जागेत बाबांचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, "भोंगो" कसं लिहायचं ते मला विचारून. बाबांनी खाली सही केली, गिरणीच्या पगारपत्रकावर करायचे तशी, पूर्ण नाव आणि कंसात खात्याचं नाव.

सुबोध खिडकीशी जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने त्याने बॅग उचलली. "घेऊन जातो मी. ही," तो म्हणाला. "पण मंजुरी येईपर्यंत दुपारी बारा ते पाच खाली डोरोथी आंटींकडे बसायचं. चालेल?"

"म्हणजे?" डोरोथी आंटी म्हणाल्या. "मला विचार ना मॅन. पत्ते खेळता येतात का तुज्या बापाला?"

मंजुरी एकवीस दिवसांत आली. चार नंबरच्या बाईंनी मला स्वतः फोन केला आणि विचारलं, ते परिशिष्ट दोन नक्की कुठल्या पानावर आहे, अजून सहा इमारतींचे अर्ज आलेत. लेप लागला, छताखाली अस्तर बसलं, राजेशला कायदेशीर नवा पंखा मिळाला आणि मेहुण्याचा त्याने अजून परत केलेला नाही. गच्चीचं तापमान आता दुपारी दोनला एक्केचाळीस पूर्णांक सात असतं. हा आकडा कोणी विचारत नाही, तरी मी सांगते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सुशांत अंतिम पाहणीला आला. त्याच्या फॉर्मवर शेवटचा रकाना होता: 'रहिवाशांना फरक जाणवतो का?' बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, माठ शेजारी ठेवून बसले होते.

"काय काका, आता कसं वाटतं? फरक पडला ना?"

"फरक कसलो?" बाबा म्हणाले. "हय पयल्यापासूनच गारेगार. कोकम घेतलास मां?"

सुशांतने माझ्याकडे पाहिलं. मी माझा तापमापक पुढे केला. त्याने आकडा लिहिला आणि पेला घेतला.